चौतीस मेळाची मैत्रीण

धाराशिवमध्ये मेळ कधी आला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मनगटावरचे पट्टे सगळ्यांकडे आधीपासून होतेच. ते पावलं मोजत, झोप मोजत, पाणी प्यायची आठवण करत. एका सोमवारी सकाळी त्यांच्यात नवी सोय आली, आणि तोवर एकेकट्या माणसाला मोजणारा पट्टा दोन माणसांच्या मधलं काहीतरी मोजायला लागला. दोघींनी अर्धा तास शेजारी बसून गप्पा मारल्या की दोन्ही पट्टे एकदमच हलके थरथरायचे आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवायचे. त्या आकड्याचं नाव मेळ.

दिवाळीपर्यंत कॉलेजात 'तुझं नाव काय' याच्या आधी 'मेळ काढायचा का' असं विचारायची पद्धत पडली. वाढदिवसाच्या निमंत्रणात 'सत्तरच्या वरच्यांनीच यावं' असं लिहिलेलं असे. कॅन्टीनवाल्या बापूंनी ऐंशीच्या वरच्या जोडीला सुशीलेची दुसरी प्लेट फुकट ठेवली, आणि कुरमुऱ्यांच्या त्या साध्या पदार्थासाठी पोरं-पोरी अर्धा अर्धा तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायला लागली. वधूवर सूचक मंडळ चालवणारी शिवन्याची आत्या तर म्हणाली, "छत्तीस गुण जुळवून लावलेल्या लग्नांतली निम्मी माझ्याकडं तक्रार घेऊन येतेत. आता गुणबिण काही नाही. आधी मेळ."

शिवन्या म्हेत्रे आणि रुमाना पठाण यांनी मेळ काढला तो सगळ्यांच्या नंतर. दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शिवन्या संख्याशास्त्राला आणि रुमाना वनस्पतिशास्त्राला. सहावीपासून एकाच खो-खोच्या संघात. ज्या आठ वर्षं रोज भेटतायत त्यांनी मेळ काढून करायचं काय? पण बापूंची सुशीला चांगली होती आणि भूक लागली होती. दोघींनी बाकावर बसून अर्धा तास नेहमीसारखं भांडण केलं. विषय होता पिंपळाचं पान आधी हलतं की वारा आधी लागतो. मग पट्टे थरथरले.

"चौतीस!" रुमाना ओरडली. "शिवे, पस्तीसला पास असतंय गं. आपण एका मार्कानं नापास!"

दोघी इतक्या हसल्या की बापूंनी आकडा न विचारताच दुसरी प्लेट पुढे सरकवली.

*

शिवन्याला ही गोष्ट नुसती हसून सोडवेना. ती मेळ कसा मोजतात ते वाचत बसली.

कल्पना जुनी होती. दोन माणसं मन लावून बोलतात तेव्हा त्यांची शरीरंही नकळत एकमेकांची लय उचलतात. एकाचा श्वास लांबला की दुसऱ्याचा लांबतो. एकाच्या छातीचे ठोके वाढले की दुसऱ्याचे वाढतात. तळव्याला बारीक घाम सुटला की त्वचेतून वीज किंचित सोपी वाहते, आणि ही वाढघटही दोघांत मिळतीजुळती होते. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा लागायची, अंगाला तारा चिकटवाव्या लागायच्या. पट्ट्यांनी ते स्वस्त केलं. दोन माणसांच्या तीन-तीन रेघा घ्यायच्या, एकावर एक ठेवायच्या आणि किती ठिकाणी त्या बरोबरीनं चढल्या-उतरल्या ते मोजायचं. संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात तो सहसंबंध, बाकी काही नाही.

म्हणजे आकडा खरा होता. ढोंगधतुरा नव्हता. शिवन्याला खऱ्या आकड्यांबद्दल फार आदर होता, आणि पुढची सगळी भानगड त्या आदरापायीच झाली.

कॉलेजच्या खो-खो संघाच्या प्रशिक्षक घोगरे मॅडम. वय पन्नास, आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा. डिसेंबरात त्यांनी शिवन्याला बाजूला घेतलं.

"तू ते आकड्यांचं शिकतीस ना? पुण्याच्या कुठल्याशा संघानं मेळ बघून मुली निवडल्या म्हणायलेत. आपल्या बारा मुलींतून नऊ काढायच्या. तुला जमतंय का बघ."

जमतंय का! बारांतून नऊ निवडायचे दोनशेवीस प्रकार. प्रत्येक प्रकारात नऊजणींच्या आपसातल्या छत्तीस जोड्या. प्रत्येक जोडीचा मेळ सगळ्यांच्या पट्ट्यांत होताच. शिवन्यानं तेरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. बटण दाबल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. दोनशेवीसांतला एक प्रकार इतरांपेक्षा चांगलाच वर होता. त्यात तिचं स्वतःचं नाव होतं. लातूरहून नुकत्याच आलेल्या ओवी कुलकर्णीचं होतं. शिवन्याचा आणि तिचा मेळ तर एक्क्याण्णव!

रुमानाचं नाव त्यात नव्हतं. रुमानाचा मेळ कुणाशीच पन्नासच्या वर जात नव्हता.

शिवन्यानं प्रोग्राम तीनदा तपासला. चूक नव्हती. रुमानाचं घर सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. 'जाऊन सांगावं,' असं तिला वाटलं. मग वाटलं, काय सांगायचं? मी थोडीच ठरवलंय, आकड्यांनी ठरवलंय. सकाळी तिनं यादी छापून खेळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावली. खाली 'राखीव' असं लिहून तीन नावं. त्यांत शेवटचं रुमाना पठाण.

रुमाना आली, यादी वाचली, बुटाच्या नाड्या बांधल्या आणि राखीव मुलींच्या ओळीत जाऊन बसली. तिनं मोठ्यानं आदळआपट केली असती तर शिवन्याला हायसं वाटलं असतं.

*

ओवी चांगली मुलगी होती. हुशार, हसरी, चपळ. पहिले चार दिवस शिवन्याला वाटलं, आपण एवढी वर्षं उगाच कष्टाची मैत्री करत होतो की काय.

"मला ना, मैदानावर यायच्या आधी पोटात गोळा येतो," ओवी म्हणाली.

"मला पण!"

"आणि मग काही खावंसं वाटत नाही."

"मला पण!"

"पण खेळून झालं की भूक लागते."

"मला पण!"

पाचव्या दिवशी कॅन्टीनच्या बाकावर बसल्यावर असं झालं की ओवीला जे बोलायचं होतं ते शिवन्याला माहीत होतं, आणि शिवन्याला जे बोलायचं होतं ते ओवीनं आधीच ओळखलं होतं. दोघी एकदम जांभई द्यायला लागल्या. एकदम हसल्या. मग एकदमच गप्प झाल्या. पट्टा खूश होता. त्र्याण्णव दाखवत होता. शिवन्याला आठवलं, पिंपळाच्या पानाचा वाद अर्धाच राहिलाय.

रविवारी माजी खेळाडूंशी सराव सामना होता. कॉलेज सोडून पंधरा-वीस वर्षं झालेल्या बायका, कुणी शिक्षिका, कुणी दुकान चालवणाऱ्या. त्यांच्यात निकिताताई वाघमारे होत्या. एसटीत वाहक. गुडघ्याला पट्टा बांधलेला, मैदानाच्या कडेला दोन मुलं बसवलेली.

"हळू पळा गं पोरींनो," त्या वाकून पदर खोचत म्हणाल्या. "सोमवारी ड्यूटी आहे मला."

आठ मुली मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसल्या. नववी पाठलागाला. शिट्टी झाली. निकिताताई साखळी पळायला लागल्या, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून, सुई टाके घालते तशा आतबाहेर. पाठलाग करणारी अगदी जवळ आली की त्या डाव्या खांद्याची एक हूल द्यायच्या आणि उजवीकडे सटकायच्या. हूल साधी होती, शाळेतली पोरही ओळखेल अशी. पण ती बसायची. दर वेळी बसायची. खो मिळालेली मुलगी डावीकडे उठायची, तिच्या पुढची डावीकडे झुकलेली असायची, आणि ताई उजवीकडे पोचून मुलांना हात करून परत आलेल्या असायच्या.

तीन मिनिटं वीस सेकंद त्या बाद झाल्या नाहीत. शेवटी स्वतःच मैदानाबाहेर जाऊन बसल्या. "दम लागला गं बाई. तुमच्यामुळं नाही, वयामुळं." पाणी पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "बाकीच्या आठजणी कुठं होत्या तुमच्या? मला सगळा वेळ एकच पोरगी दिसायली होती."

मैदानाच्या कडेला राखीव मुलींत बसलेल्या रुमानाला हसू आलं. तिनं ते पटकन आवरलं. ते आवरणं शिवन्यानं पाहिलं.

*

त्या वाक्यानं शिवन्याला घरी जाऊन जेवू दिलं नाही. तिनं सामन्यातल्या नऊही पट्ट्यांच्या रेघा काढल्या आणि एकाखाली एक मांडल्या. रेघा इतक्या सुंदर मिळत होत्या की क्षणभर तिला अभिमानच वाटला. मग तिनं निकिताताईंच्या प्रत्येक हुलीच्या वेळी एक खूण केली. अकरा हुली. अकराही ठिकाणी नऊच्या नऊ रेघा एकाच वेळी उसळल्या होत्या. एकीची फसगत झाली की नऊजणींची होत होती. एकीचं लक्ष ढळलं की नऊजणींचं ढळत होतं.

तिला वर्गातलं एक साधं उदाहरण आठवलं. जत्रेत बैलाच्या वजनाचा अंदाज नऊ माणसांना विचारला, तर त्यांची सरासरी एकट्याच्या अंदाजापेक्षा बरी निघते. कुणी जास्त सांगतं, कुणी कमी सांगतं, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पण अट एक आहे. माणसांनी आपापलं सांगायला हवं. नऊजण एकमेकांकडे बघून बोलायला लागले की ते नऊ अंदाज राहत नाहीत. एकच अंदाज नऊ तोंडांनी बोललेला असतो.

शिवन्यानं हे परीक्षेत लिहिलं होतं. दहापैकी दहा मार्क पडले होते. आणि मग तिनं तेरा ओळींचा प्रोग्राम लिहून दोनशेवीसांतून नेमका तोच संघ निवडला होता ज्यात कमीत कमी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सायकल काढून रुमानाच्या घरी गेली.

रुमानाची आई, शमीमचाची, शाळेचे गणवेश शिवत होत्या. शिलाईयंत्र न थांबवताच त्या म्हणाल्या, "ये बेटा. कुठं होतीस इतके दिवस? घरात भांडणाचा आवाजच नाही, मला वाटलं मी बहिरी झाले."

रुमाना बाहेर आली. "ये शिवन्या. बस. चहा घेणार?"

"नको. आत्ताच झाला."

"पाणी?"

"चालेल. थँक्यू."

"अभ्यास कसा चाललाय?"

"बरा चाललाय. तुझा?"

"माझा पण बराय."

रुमानानं पेला हातात देताना आपली बोटं तिच्या बोटांना लागू दिली नाहीत. दोघी खाटेच्या दोन टोकांना बसल्या. हवा, परीक्षा, कॉलेजच्या नळाला येणारं पाणी. एकीचं वाक्य संपलं की दुसरी थोडं थांबून, जपून, तेवढंच छोटं वाक्य बोलत होती. शिवन्याच्या लक्षात आलं, आपण श्वाससुद्धा सांभाळून घेतोय. कपाटातली काचेची भांडी उतरवताना घेतो तसा.

आणि पट्टे थरथरले. दोघींचे, एकदम.

एकाहत्तर.

रुमानानं मनगट वळवून आकडा बघितला. "अरे वा," ती म्हणाली. "अभिनंदन. आता तुझ्या वाढदिवसाला यायला हरकत नाही."

शिवन्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात काहीतरी लखकन जागेवर बसलं, आणि रडायचं सोडून ती बोलत सुटली. "रुमे, थांब. हे बघ ना. आपण दोघी आत्ता परक्यासारख्या बोललो, म्हणून हा आकडा वर गेला! परकी माणसं एकमेकांना धरून चालतात. खाली बघत, पाऊल मोजत. आपण तशा कधी चालतच नाही. तू एकीकडं जातीस, मी दुसरीकडं, मग तू ओढतीस, मी ओढते... पट्टा फक्त बरोबर चालणं मोजतो. आपण बरोबर चालत नाही, आपण... मला नाव नाही सापडत त्याला. पण एकाहत्तर हे वाईट आहे! चौतीस चांगलं होतं!"

यंत्राचा आवाज थांबला होता. शमीमचाची कान देऊन ऐकत होत्या.

"झालं बोलून?" रुमाना म्हणाली. "चौतीस चांगलं का एकाहत्तर चांगलं, मला काय करायचंय त्याचं? मला संघातनं काढल्याचं दुःख नाही. राखीव मी नववीतपण होते. तू मला फळ्यावरून कळवलंस. दहा मिनिटं सायकल मारून तोंडानं सांगायला झालं नाही तुला."

या वाक्यात कुठलंही गणित नव्हतं.

"नाही झालं," ती म्हणाली. "घाबरले. चुकलं माझं."

"बरं," रुमाना म्हणाली. "सरावाला येईन. मॅडमसाठी." मग पुन्हा त्याच गुळगुळीत आवाजात, "पेला ठेव तिथंच. मी नेते."

*

शिवन्यानं मॅडमना रेघा दाखवल्या, बैलाच्या वजनाचं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग उलटं कर. सगळ्यात कमी मेळाच्या नऊ काढ."

शिवन्यानं तोही प्रयोग केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पहिल्यापेक्षा वाईट फसला. एकीनं खो दिला की दुसरी 'मला कशाला?' असं वळून विचारायची. दोघी खांबाकडे एकदम धावून एकमेकींच्या कपाळावर आपटल्या. एकीनं तर चालू खेळात दुसरीला 'तू आधी माझी पिन परत कर' असं सुनावलं. मॅडम कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बघत होत्या, मग इतक्या हसल्या की शिट्टी तोंडातून पडली.

"शिवन्याबाई, तुझा तो प्रोग्राम ठेव आता घरी. कोण कुठं चुकतंय ते मी तीस वर्षं बघायलेय. पट्टे काढा सगळ्यांनी."

पट्टे एका पिशवीत गेले. मॅडमनी डोळ्यांनी नऊजणी निवडल्या. ओवी होती, रुमाना होती, शिवन्याही होती. ओवी शिवन्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "खरं सांगू? आपलं जरा कंटाळवाणं चाललं होतं."

"मला पण तसंच वाटायलं होतं," शिवन्या म्हणाली, आणि दोघी पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

संघ सुधारला. महिनाभरात निकिताताईंना दीड मिनिटात बाद करायला लागला. फक्त रुमाना सुधारली नाही. म्हणजे खेळ तिचा फक्कड होता, पण शिवन्याशी ती लग्नघरातल्या पाहुणीसारखी वागत होती. 'छान खेळलीस.' 'सॉरी, माझा धक्का लागला.' 'तू म्हणशील तसं.' शिवन्यानं मुद्दाम चुकीची विधानं करून बघितली. टोमॅटो ही भाजीच आहे म्हणाली. वनस्पतिशास्त्राच्या मुलीसमोर! रुमाना म्हणाली, "असेल." पिंपळाच्या पानाचा विषय काढला. रुमाना म्हणाली, "तुझं बरोबर होतं बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर शिवन्या दोन दिवस जगली.

*

विभागाचा अंतिम सामना लातूरला होता. समोर नांदेडचा संघ. त्यांची समीक्षा नावाची मुलगी सगळ्या विभागात प्रसिद्ध होती. ती हूल देत नसे. समोरची काय करणार ते आधी ओळखून तिच्या अर्धा सेकंद आधी ती निघालेली असे.

शेवटचा डाव. गुण बरोबरीत. धाराशिवचा पाठलाग, घड्याळात चाळीस सेकंद, आणि मैदानात एकटी समीक्षा. तिला बाद केलं की जिंकलो.

शिवन्या पाचव्या चौकात बसली होती, तोंड पश्चिमेला. पाठीमागे, पूर्वेच्या अंगाला, रुमाना पाठलागावर होती. तिच्या पावलांचा आवाज शिवन्याला पाठीतून कळत होता. बसलेल्या मुलीला मागं वळून बघता येत नाही. पाठीवर हात पडेल आणि कानाशी 'खो' येईल तेव्हाच उठायचं.

समीक्षा साखळी पळत आली आणि शिवन्याच्या अगदी पुढ्यात पोचली. हात लांबवला तर लागेल इतकी. शिवन्याचे तळपाय जमिनीत रुतले. आता. आता खो यायला हवा. पावलांचा आवाज पाठीशी आला.

खो आला नाही.

'दे!' शिवन्याचं सगळं अंग आतून ओरडलं. 'दे की गं!' समोर समीक्षाचे डोळे तिच्या खांद्यावर लागलेले. ही उठली रे उठली की तिच्या शेजारच्या फटीतून पलीकडे. अर्धा सेकंद गेला. समीक्षा अर्धा सेकंद आधी निघणारी मुलगी. ती निघाली. शिवन्या उठलेलीच आहे असं धरून ती तिच्या बाजूच्या फटीतून वाऱ्यासारखी पूर्वेला घुसली, आणि तिथं रुमाना हात पसरून जणू पाहुण्यांची वाट बघत उभी होती.

शिट्टी. मग काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मॅडम मैदानात धावत आल्या, ओवी कुणाच्या तरी खांद्यावर चढली, राखीव मुलींनी पाण्याच्या बाटल्या एकमेकींच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. त्या ढिगातून शिवन्या कोपरं मारत बाहेर आली आणि सरळ रुमानापुढे जाऊन उभी राहिली.

"खो का नाही दिलास?"

"बाद झाली ना ती?"

"ते नंतर! ती माझ्या हातावर होती. हातावर! तू खो दिला असतास तर मी तिथंच टिपली असती."

"काही टिपली नसतीस." रुमानाच्या कपाळावर आठी पडली. "तू उठताना आधी डावा खांदा टाकतीस. आंधळ्यालाही कळतंय कुठं जाणार ते."

"मी? मी खांदा टाकते?"

"सहावीपासून टाकतीस!"

"मग सहावीपासून सांगितलं का नाहीस?"

"आठवीत सांगितलं होतं. तू म्हणालीस, तुला काय कळतंय."

"मी असं म्हणणारच नाही!"

"म्हणालीस! आणि दुसरं ऐक, शिवे, टोमॅटो फळ आहे. महिनाभर गप्प बसले मी. फळ! अंडाशयापासून होतं ते फळ. आणि पिंपळाचं पान—"

"पोरींनो!" मॅडम ओरडल्या. त्यांच्या दोन्ही हातांत कुंथलगिरीचे पेढे होते. "अगं जिंकलोय आपण!"

"एक मिनिट थांबा, मॅडम," दोघी म्हणाल्या.

मंडपातून विजेत्या संघाचं नाव दोनदा पुकारून झालं. सात मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि मागं वळून बघायला लागल्या. मैदानाच्या मधोमध शिवन्या आणि रुमाना धुळीत उकिडव्या बसल्या होत्या. रुमाना बोटानं रेघा ओढून दाखवत होती, मी इथं होते, समीक्षा इथं, तू इथं. आणि शिवन्या प्रत्येक रेघ तळव्यानं पुसून, तिथं आपली ओढत होती.